औषधाच्या दुकानापुढच्या टोपल्या

दोह्यात थंडीचे तीन-चार महिने शेतमालाचा बाजार भरतो. शहराबाहेर, पत्र्याच्या मोठ्या शेडखाली. सुभाष, माझा मुलगा, मला शुक्रवारी सकाळी तिकडे नेतो. मुंतझा भागात आमच्या बिल्डिंगखाली गाडीला जागा मिळत नाही, म्हणून एकदा लावलेली गाडी हलवणं त्याच्या जिवावर येतं. पण नेलं नाही तर मी दिवसभर बोलते, म्हणून नेतो. इथली मेथी वाळूत वाढलेली. सात पाण्यांत धुतली तरी दाताखाली कचकचते. तरी मी तीच घेते. सुपरमार्केटातली प्लास्टिकमधली भाजी मला मेलेल्या माणसासारखी वाटते, गार आणि पुसलेली.

गेल्या महिन्यात इथे दोनदा पाऊस झाला. रस्त्यांवर तळी साचली, शाळा बंद झाल्या. आणि या शुक्रवारी शेडच्या बाहेर एक म्हातारा अरब पिकअपची मागची फळी पाडून फगा विकायला बसला होता. फगा वाळवंटात उगवतो, पाऊस झाला तरच, तोही जमिनीखाली. दिसायला मातीने माखलेला बटाटा, पण जात अळंबीची.

"खाला, शूफ, शूफ," म्हणजे मावशी, बघ, बघ, असं म्हणत म्हाताऱ्याने एक फगा माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो नाकाशी नेला. ओली माती, कुजलेलं पान, आणि मागे काहीतरी मांसासारखं. मी तो परत ठेवला आणि हात पदराला पुसला.

"विष नाहीये ते, आई," सुभाष हसला. "शेख लोक मिटक्या मारत खातात."

"खाऊ देत."

सुभाषला माहीत नाही. मी ते त्याला कधी सांगितलेलं नाही. एका उन्हाळ्यात, फ्रान्समधल्या एका खेड्यात, मी सात वर्षांच्या एका पोरीला जेवणातून विष वाढलं. मुद्दाम नव्हे. पण चुकून की मुद्दाम हे पोटाला कळत नाही.

सुभाष तेव्हा गावी शिकत होता. मी दोह्यात एका फ्रेंच कुटुंबाकडे होते, स्वयंपाकाला आणि पोर सांभाळायला. साहेब गॅसच्या कामावर, मॅडम सतत विमानात. त्यांची क्लेर तीन महिन्यांची असताना माझ्या हातात आली. मला फ्रेंच येत नव्हतं, इंग्रजी कामापुरतं. पोरीला झोपवायचं, दटावायचं, तर आपल्याच बोलीत. म्हणून ती मराठी शिकली, आणि तीही आमची कोकणातली. चार वर्षांची असताना लिफ्टमध्ये एका नटलेल्या बाईसमोर मला म्हणाली होती, "आजी गो, ही बाई किती वास मारता!" बाई हसून तिच्या गालाला हात लावून गेली.

जुलै लागला की दोह्यात दाराची मूठ पोळते. मग सगळं घर मॅडमच्या आईकडे फ्रान्सला जायचं, आणि घरासोबत मी. क्लेर तिच्या आजीला मामी म्हणायची, तिकडे आजीला तसंच म्हणतात. मीही मामीच म्हणू लागले, तोंडाला सवयीचा शब्द. मामी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, हाडकुळी, पुरुषी बूट घालून फिरणारी.

गाव वीस-बावीस घरांचं. भिंती हातभर जाड दगडाच्या. सकाळी पावाची गाडी हॉर्न वाजवत यायची, आणि घरात कोणी नसलं तर लांबलचक पाव फाटकाच्या कडीत खोचून जायची. कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नसे. चर्चची घंटा दर तासाला दोनदा वाजायची. बारा ठोके, मग दोन मिनिटांनी पुन्हा बारा. मी विचारलं, असं का. क्लेर म्हणाली, "पहिल्यांदा मोजायला चुकलं, तर दुसऱ्यांदा मोजायचं." दुपारी खिडक्यांच्या लाकडी फळ्या ओढून घ्यायच्या. बाहेर पांढरं ऊन, आत गार काळोख, जुन्या सफरचंदांचा आणि मेणाचा वास, आणि माशी काचेवर आपटल्याचा आवाज. त्या काळोखात सगळं गाव दोन तास मेल्यासारखं पडून राही. मला झोप येत नसे. मी पायरीवर बसून मामीच्या कोंबड्या बघायचे.

मामीचा आणि माझा एक शब्द जुळत नव्हता, तरी आमची भांडणं व्हायची. क्लेर मध्ये बसून इकडचं तिकडे करायची.

"मामी म्हणते, तुझ्या फोडणीने पडदे खोकतात."

"तिला सांग, तिच्या चीजने माझं नाक मेलं."

"नाही सांगत. ती रडेल."

पण सांगायची. आणि मामी टेबलावर हात आपटून हसायची. मग मला कॉफी मिळायची, वाटीएवढ्या कपात.

दर गुरुवारी शेजारच्या छोट्या शहरात बाजार. मामीची जुनी गाडी, मागच्या सीटवर मी, क्लेर आणि चार टोपल्या. जाड लाकडी खांबांवर कौलांचं छप्पर, त्याखाली आणि भोवतीच्या चौकात माणसं मांडून बसलेली. खुराड्यांतून जिवंत कोंबड्या, बदकं. लसणीच्या वेण्या टांगलेल्या, आमच्याकडे माळ्यावर टांगतात तशाच. भाजणाऱ्या कोंबडीच्या चरबीचा वास, पिकल्या आलुबुखाराचा वास, त्यावर गांधीलमाश्या. मधवाला, चीजवाली, आणि कडेला म्हातारी माणसं, ज्यांच्याकडे विकायला फक्त तीन कोबी आणि फुलांचा एक गुच्छ. माझी आई आठवडा बाजारात लाल माठाच्या जुड्या घेऊन बसायची, तशाच त्या म्हाताऱ्या बसत. गुडघे फाकून, हात मांडीवर, नजर गिऱ्हाइकाच्या पायांवर.

पहिल्या वर्षी मी एका शेतकरणीच्या घेवड्याची शेंग मोडून बघितली. आपण भेंडीचं टोक मोडतो तशी. तिने माझ्या हातावर चापट मारली. खरोखरची, आवाज होईल अशी. मी तिला मराठीत जे बोलले ते इथे लिहीत नाही.

"आजी, इथे मोडायचं नसतं," क्लेर म्हणाली, कानापर्यंत लाल होऊन. "हात लावायचा नाही. तिला सांगायचं कधी खाणार. ती निवडून देते."

आणि तसंच होतं ते. खरबूजवाला मामीला विचारायचा, आज दुपारी की उद्या संध्याकाळी? आणि देठाशी नाक लावून, अंगठा दाबून एक काढून द्यायचा. उद्या संध्याकाळचं खरबूज आज दुपारी कापलं तर खरंच कच्चं निघायचं. मला ते फार आवडलं होतं. विकणाऱ्यावर एवढा भरवसा मी माझ्या मुलखात पाहिला नव्हता.

चौकाच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान, दारावर हिरवा दिवा उघडझाप करणारा. पाऊस होऊन गेला की तिथे रांग लागायची. माणसांच्या हातात टोपल्या, टोपल्यांत रानातल्या अळंब्या. आत जायची आणि थोड्या वेळाने बाहेर यायची, टोपली हलकी झालेली. मला वाटलं, औषधवाला विकत घेतो. एवढ्या अळंब्या एकटा काय करतो, बायको बरी शिजवत असेल, असं माझ्या मनात यायचं. मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सात वर्षांच्या पोरीनेही एका मिनिटात सांगितलं असतं. मला वाटत होतं, मला कळलंय.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात महिनाभर पाऊस नव्हता. गवत पिवळं, सूर्यफुलं माना टाकून काळी पडलेली. माणसं बाजारात उभ्याउभ्या आभाळाकडे बघायची, बोलायची कमी. साहेब दोह्यात, मॅडम कामासाठी पॅरिसला. घरात मामी, क्लेर आणि मी. मग एका बुधवारी दुपारी आभाळ हिरवट झालं. हो, हिरवट. वारा थांबला, कोंबड्या आपसूक खुराड्यात गेल्या. आणि गारा. कौलांवर कोणी गोट्यांची पोती ओतावी तशा. मामी खिडकीशी उभी राहून बागेतले टोमॅटो फुटताना बघत होती. मग रात्रभर पाऊस.

गुरुवारी सकाळी रानातून वास आला, आणि तो वास श्रावणातला होता. मला घर सोडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. श्रावणात आमच्याकडे वारुळांपाशी अळंब्या वर येतात, आम्ही पोरं पहाटे पळत जायचो, पहिलं दिसेल त्याचं. तो वास नाकात शिरला आणि माझी अक्कल गेली, एवढंच म्हणते.

मामी बाजारात एकटी गेली. दुपारी बहिणीकडे जेवणार होती. मी क्लेरला रबरी बूट चढवले आणि रानात घेऊन गेले. चेस्टनटच्या झाडांखाली जमीन वाफाळत होती. अळंब्या होत्या, पुष्कळ होत्या. पिवळ्या, तपकिरी, त्या मी सोडल्या. पांढऱ्या घेतल्या. आमच्याकडच्यासारख्याच उंच देठाच्या. काहींच्या टोप्यांवर जराशी हिरवट झाक होती. मला वाटलं, पाल्याची सावली.

"मामीला विचारूया?" क्लेर म्हणाली.

"मामीला काय विचारायचं? तिने जन्मात खाल्ल्या नसतील तेवढ्या मी एका श्रावणात खाल्ल्यात."

"पण मामी म्हणते..."

"चल. टोपली धर."

घरी येऊन बुडखे कापले, टोप्यांची साल सोलली, दोन्ही बादलीत टाकलं. लसणीची पाकळी टाकून उकळी आणली. आमच्यात तशी रीत, पाकळी काळी पडली तर फेकून द्यायचं. पाकळी पांढरी राहिली. आता मला माहीत आहे की लसणीला काहीही कळत नाही. दोह्याहून नेलेला मालवणी मसाला, सुकं खोबरं भाजून. सगळं घर खोबऱ्याच्या वासाने भरलं. मी दोन ताटं वाढली.

क्लेर ताट घेऊन मागच्या पायरीवर गेली. आत गरम होतंय म्हणाली. मी आत बसून खाल्लं, आणि खोटं कशाला सांगू, छान झालं होतं. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली. पुसलेलं, लख्ख.

"शाब्बास," मी म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्याकडे ताटात टाकायची सोय नव्हती. क्लेरला मी कधी मारलं नाही, परक्याचं पोर. पण उरलेलं ताट मी झाकून ठेवायचे, आणि संध्याकाळी तेच गार ताट तिच्यापुढे यायचं. एकदा तिसऱ्या जेवणालाही आलं होतं. बोलायचे नाही, नुसती समोर बसून बघायचे. मॅडम मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, माझी मुलगी सगळं खाते. मला त्याचा अभिमान होता.

तीनच्या सुमाराला मामी आली. टोपल्या टेबलावर ठेवल्या, वास घेतला, नाक मुरडलं, मला हसली. मग कोंबड्यांना टाकायला बादली उचलली. आणि थांबली.

तिने बादलीतून एक बुडखा काढला. त्याच्या तळाशी पातळ पांढरी पिशवी होती, अंड्याच्या आतल्या सालीसारखी. मग एका टोपीची हिरवट साल काढली. ती उजेडात धरली. तिचं तोंड असं झालं की मी खुर्चीतून उठले. ती क्लेरला काहीतरी म्हणाली, हळू.

"मामी विचारते, हे कोणी खाल्लं?"

"आपण. का गो?"

क्लेर मामीकडे वळली, काही बोलली, आणि बोटाने आधी मला दाखवलं, मग स्वतःला.

मामीने बादली माझ्या हातात दिली, पोरीला काखेत मारलं आणि गाडीकडे पळाली. पुरुषी बूट घालणारी ती बाई पळताना मी तेव्हाच पाहिली. रस्त्यावर गारांनी पाडलेल्या फांद्या होत्या, ती त्यांवरून गाडी घालत होती. मांडीवर बादली, बादलीत बुडखे. मी विचारत होते, काय झालं, काय झालं. क्लेर म्हणाली, "मामी बोलत नाही आहे."

औषधाच्या दुकानात रांग होती. मामी काहीतरी ओरडली आणि माणसं भिंतीला चिकटली. काउंटरवर कोणाची तरी टोपली रिकामी केलेली होती. औषधवाला एकेक अळंबी उलटी करून बघत होता. एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवीकडच्या त्याने हाताने सारून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, आणि टोपलीचा मालक मान हलवून त्याला धन्यवाद म्हणाला.

तेव्हा मला कळलं की हा माणूस अळंब्या विकत घेत नव्हता.

त्याने आमची बादली कागदावर पालथी केली. एकेक तुकडा बाजूला करत गेला. तीन बुडखे वेगळे ठेवले. तिन्हींना पिशव्या होत्या. फोन उचलताना त्याने क्लेरच्या डोक्यावर हात ठेवला.

इस्पितळ अर्ध्या तासावर. साडेचार वाजले असतील. आम्हाला एकाच खोलीत दोन खाटांवर घातलं. डॉक्टर तरुण होता, दाढी वाढलेली. तो मामीशी फ्रेंचमध्ये बोलायचा, मामी क्लेरशी, आणि क्लेर माझ्याशी. सात वर्षांची पोर, हाताला चिकटपट्टी लावलेली, स्वतःच्या मरणाची बोलणी मराठीत करत होती.

"डॉक्टर विचारतात, किती वाजता खाल्लं?"

"बारा. घंटा होत होती."

"किती खाल्लं?"

"मी ताटभर. तुला वाढलं होतं त्याच्या अर्ध्याहून कमी."

"पोट दुखतं का? उलटी?"

"काही नाही," मी म्हटलं. मी घोड्यासारखी ठणठणीत होते. "सांग त्यांना. मला काही होत नाही. तुलाही काही होत नाही ना? मग? लसूण पांढरी होती म्हणून सांग."

क्लेरने सांगितलं. डॉक्टर हळू बोलला, आणि मामीने डोळे मिटले.

"डॉक्टर म्हणतात," क्लेर म्हणाली, "आता बरं वाटतंय ते खोटं आहे. खरं नंतर येतं." मग तिने मला विचारलं, "म्हणजे काय, आजी?"

मी खिडकीकडे तोंड केलं.

बाहेर दुपारसारखं ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत अंधार पडत नाही. खिडकीतून गाड्यांचं छत चमकताना दिसत होतं, आणि कुठेतरी कोणी गवत कापत होतं, त्याचा गोड हिरवा वास आत येत होता. मी त्या वासाकडे लक्ष ठेवून पोटाकडे कान लावून पडले होते. पोटात काही हललं की मला वाटे, आलं. आणि लगेच वाटे, माझ्यात आलं तर तिच्यातही आलं. तिच्यात ते मावणार कुठे? केवढी ती, हाताचं मनगट माझ्या दोन बोटांत बसायचं.

डॉक्टर पुन्हा आला. या वेळी सोबत दोन बायका, नळ्या, काळ्या औषधाचं भांडं. क्लेरने ऐकलं आणि सांगितलं, "मला हेलिकॉप्टरने मोठ्या शहरात नेणार. तिथे यकृताचे डॉक्टर असतात." यकृताला तिच्याकडे मराठी शब्द नव्हता, तिने फ्रेंच शब्द म्हटला आणि स्वतःच्या पोटाची उजवी बाजू दाखवली. मग म्हणाली, "तू येणार?"

"मामी येईल."

"तू?"

"क्लेर," मी म्हटलं, "ताटातलं तू खाल्लंस ना?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती माझ्याकडे बघत होती. नर्सने तिचा हात ओढून सुई पुढे आणली, तरी पोर सुईकडे बघेना. सुईकडे न बघणारं मूल मी पाहिलेलं नाही. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, पापणी न हलवता. ते बघणं मला ओळखीचं होतं. झाकलेलं ताट समोर आलं की ती असंच बघायची.

"क्लेर. खरं सांग. मी रागावणार नाही."

"तू नेहमी असंच म्हणतेस," ती म्हणाली. "मग रागावतेस."

"देवाशप्पथ."

"मागच्या वेळी पण देवाशप्पथ म्हटलंस."

नर्सने तिच्या नाकाशी नळी आणली. मामी पोरीचे पाय धरून उभी. पोर रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा समजलं. पोर विषाला भ्यालेली नव्हती. तिला विष म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. तिला मी ठाऊक होते.

आता आणखी शपथा घालून उपयोग नव्हता. रडून नव्हता. मी मायेने बोलले असते तरी तिने ते खरं मानलं नसतं, आणि का मानावं?

"थांबा," मी मराठीतच ओरडले, आणि नर्स खरंच थांबली. "क्लेर, हे बघ. मी भिंतीकडे तोंड करते. तू मामीला सांग. तुमच्या भाषेत सांग. मला एक अक्षर कळणार नाही. आणि मी तुला परत कधी विचारणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

मी कुशीवर वळले. हाताला लावलेली नळी ताणली गेली, ताणू दिली. भिंत फिक्या पिवळ्या रंगाची होती, एका जागी रंग उडून आतलं सिमेंट दिसत होतं. त्यावर डोळे लावून मी पडले. मागे काही नाही. गवत कापण्याचं यंत्रही थांबलेलं. मग क्लेरचा आवाज आला, बारीक, भराभर. तीन-चार वाक्यं. मामीने काहीतरी विचारलं. क्लेरने उत्तर दिलं. मग खुर्ची जमिनीवर घासली गेली आणि मामी धप्पकन तिच्यात बसल्याचा आवाज. डॉक्टर दाराबाहेर धावला. फोनवर बोलणं, लांबून.

फोन करून बघायला सांगितलेल्या मामीच्या शेजारणीला खुराड्यामागे, गवतात, सगळं सापडलं. खोबऱ्यासकट, भातासकट. कोंबड्यांनीही तोंड लावलं नव्हतं. हे मला दुसऱ्या दिवशी मॅडमने इंग्रजीत सांगितलं. तोवर माझे उलट्या-जुलाब सुरू झाले होते. त्याचं वर्णन करत नाही, माणसाच्या आत एवढं पाणी असतं हे मला माहीत नव्हतं. अकरा दिवसांनी मी उभी राहिले. मॅडम वाईट वागली नाही. दोह्यात परत आल्यावर तिने मला कपडे आणि साफसफाई दिली, स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली, फिलिपिनो. क्लेर तिच्याशी इंग्रजीत बोलू लागली. कधी कॉरिडॉरमध्ये भेटली तर हसायची आणि माझ्याशीही इंग्रजीत बोलायची. मी दिलेला शब्द पाळला, विचारलं नाही. वर्षभराने त्यांची बदली झाली. मी सुभाषला कळवलं, गुडघे दुखतात, घरी येते. पुढे त्यालाच दोह्यात नोकरी लागली आणि मी पुन्हा इथे आले.

"आई, उन्हात किती वेळ उभी राहणार?" सुभाष म्हणाला. त्याने फगा घेतलाच, पिशवीभर. "यल्ला, चल. घरी तुझी नात वाट बघत असेल."

गाडीत त्याने काच वर केली, एसी लावला. रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी अजून साचलेलं, त्यात बगळ्यासारखे काहीतरी पक्षी. सुभाष फोनवर बोलत होता. मी खिडकीला डोकं टेकून बसले.

मला त्या आजारपणातलं फारसं आठवत नाही. त्याआधीचं आठवतं. डॉक्टर गेला, नर्स नळ्या गुंडाळून गेली, आणि मला वाटलं आता झालं, खलास, वळावं. पण क्लेर बोलायची थांबलेली नव्हती. अळंब्यांपुरतं एवढं बोलावं लागत नाही. ती बोलतच होती, आधी हळू, मग मोठ्याने, मग रडत, श्वास घ्यायला थांबत, पुन्हा सुरू. मामी मधून मधून फक्त "उई" म्हणत होती, आपण हं म्हणतो तसं. ऊन भिंतीवरून सरकत कोपऱ्यात गेलं. मला एक अक्षर कळत नव्हतं. कळत होता तो एकच शब्द, पुन्हा पुन्हा येणारा, कधी रागाने, कधी हुंदक्यात: आजी. मी हललेही नाही. मी वळले असते, तर पोर गप्प झाली असती.